सायकलचा घट्ट टायर रिमवर बसवणे

सायकलचा घट्ट टायर रिमवर बसवणे ही सायकल दुरुस्तीतील एक मूलभूत क्रिया आहे. या क्रियेत टायरची न ताणली जाणारी कड तिच्यापेक्षा मोठा घेर असलेल्या रिमच्या काठावरून ओलांडून आत बसवली जाते. पंक्चर काढल्यानंतर, ट्यूब बदलल्यावर किंवा नवा टायर घेतल्यावर ही क्रिया करावी लागते. बहुतेक टायर केवळ हातांनी बसतात. काही टायरांचा मात्र शेवटचा वीतभर भाग काठावर अडून राहतो आणि कितीही जोर लावला तरी आत जात नाही.

अशा वेळी अडचण सहसा बळाच्या कमतरतेची नसते. टायरच्या कडेत लांबी शिल्लक असते, परंतु ती चाकाच्या दुसऱ्या बाजूला अडकलेली असते. रिमच्या मध्यभागी असलेल्या खोलगट चरात टायरची कड उतरवली, की ही लांबी मोकळी होऊन अडलेल्या भागाकडे आणता येते. घट्ट टायर बसवण्याच्या सर्व योग्य पद्धती याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

## भाग व परिभाषा

टायरची कड: टायरच्या दोन्ही बाजूंना आतल्या घेरावर असलेला जाड काठ. हिला तांत्रिक भाषेत ‘बीड’ म्हणतात. कडेच्या आत पोलादी तारेचे किंवा अ‍ॅरामिड धाग्यांचे कडे असते. पोलादी तारेचा टायर घडी घालून ठेवता येत नाही. अ‍ॅरामिड धाग्यांचा टायर घडी घालता येतो, म्हणून त्याला ‘फोल्डिंग टायर’ असे म्हणतात. दोन्ही प्रकारांत कडेची लांबी जवळजवळ स्थिर राहते.

रिमचा काठ: रिमच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली भिंत. उच्च दाबाच्या टायरांसाठी बनवलेल्या अनेक रिमच्या काठाला आतल्या बाजूने लहान आकडा असतो. तो टायरच्या कडेला धरून ठेवतो.

बैठक: काठाला लागून असलेला आतील पृष्ठभाग. हवा भरल्यावर टायरची कड येथे घट्ट टेकते.

मधला चर: दोन्ही बैठकींच्या मधला खोलगट भाग. याचा घेर बैठकीच्या घेरापेक्षा लहान असतो.

रिमपट्टी: आऱ्यांच्या भोकांवरून व निपलांवरून बसवलेली पट्टी. हिच्यामुळे ट्यूब भोकांत शिरत नाही व निपलांनी फाटत नाही.

व्हॉल्व्ह: ट्यूबमध्ये हवा भरण्याची नळी. दुरुस्तीच्या दुकानांत हिला सर्रास ‘वॉल’ म्हटले जाते. व्हॉल्व्ह जेथे ट्यूबला जोडलेला असतो तेथे रबराचा जाड बुंधा असतो.

## इतिहास

हवेच्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने इ.स. १८४५ मध्ये घेतले. ते घोडागाडीच्या चाकांसाठी होते व व्यवहारात फारसे रुजले नाही. इ.स. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि त्यानंतर सायकलींवर असे टायर झपाट्याने पसरले. पुढे थॉमसनचे आधीचे पेटंट उजेडात आल्यामुळे डनलॉपचे पेटंट अवैध ठरले.

डनलॉपच्या सुरुवातीच्या टायरमध्ये एक मोठी उणीव होती. कापड व रबर यांचे आवरण रिमवर चिकटवलेले असल्यामुळे पंक्चर काढणे हे वेळखाऊ काम होते. त्यामुळे टायर सहज काढता-घालता येईल, पण चालताना निघणार नाही, अशी रचना शोधणे आवश्यक झाले. इ.स. १८९० मध्ये यावर दोन उपाय पुढे आले. विल्यम अर्स्काइन बार्टलेट याच्या रचनेत टायरच्या जाड कडा रिमच्या आत वळलेल्या काठाखाली अडकत असत. चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या कडेत न ताणली जाणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट चर ठेवला.

इ.स. १८९१ मध्ये फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी सुटा करता येणारा सायकल टायर तयार केला. त्याच वर्षी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १,२०० कि.मी.च्या शर्यतीच्या पहिल्या आवृत्तीत शार्ल तेराँ हा सायकलपटू या टायरवर धावून पहिला आला. वाटेत पंक्चर झाले तरी टायर उघडून दुरुस्त करता येतो, ही बाब त्यामुळे लोकांसमोर आली.

आजचा सामान्य सायकल टायर मुख्यतः वेल्चच्या कल्पनेवर, म्हणजे न ताणली जाणारी कड आणि खोलगट मधला चर या जोडीवर, आधारलेला आहे. अनेक रिममध्ये आकडेदार काठाची कल्पनाही तिला जोडलेली दिसते.

## घट्टपणामागील भूमिती

टायर रिमवर टिकून राहतो तो प्रामुख्याने त्याच्या कडेचा घेर काठाच्या घेरापेक्षा कमी असल्यामुळे. कड ताणली जात असती तर ती बसवणे सोपे झाले असते. परंतु हवेच्या दाबाने तीच कड ताणली जाऊन चालताना काठावरून निसटली असती. म्हणून घट्टपणा हा टायरचा दोष नसून त्याच्या सुरक्षिततेचा आधार आहे.

हे आकड्यांत पाहता येते. ७००सी या आकाराच्या टायरच्या बैठकीचा व्यास ६२२ मि.मी. असतो. म्हणजे बैठकीचा परीघ सुमारे १,९५४ मि.मी. होतो. काठ बैठकीपेक्षा ६ मि.मी. उंच आहे असे धरल्यास काठाचा बाहेरील व्यास ६३४ मि.मी. आणि परीघ सुमारे १,९९२ मि.मी. होतो. या दोहोंत सुमारे ३८ मि.मी.चा फरक आहे. कड ताणून हा फरक भरून काढणे हाताला शक्य नसते.

मधला चर हा फरक ओलांडण्याची वाट देतो. वर्तुळाची त्रिज्या १ मि.मी.ने कमी झाली की परीघ सुमारे ६.३ मि.मी.ने कमी होतो. चर बैठकीपेक्षा ३ मि.मी. खोल असेल तर त्याचा संपूर्ण परीघ बैठकीच्या परिघापेक्षा सुमारे १९ मि.मी.ने कमी भरतो. टायरची कड परिघाच्या तीनचतुर्थांश भागात चरात उतरवली, तर तेवढ्या भागातून सुमारे १४ मि.मी. ढील मिळते. शिवाय एका बाजूने कड खाली उतरल्यामुळे कडेचे संपूर्ण वर्तुळ दुसऱ्या बाजूला सरकते. त्यामुळे उरलेल्या भागात ती काठावरून ओलांडता येते.

याउलट, कड बैठकीवरच राहिली तर ही ढील मिळत नाही. टायर बसवणारा शेवटच्या भागावर जोर देत असतो आणि चाकाच्या विरुद्ध बाजूस कड वर चढून बसलेली असते. टायर ‘लहान पडतो’ असे वाटण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

## व्हॉल्व्हचे स्थान

रिमवर एक जागा अशी असते जेथे कड चरात पूर्ण उतरू शकत नाही. ती म्हणजे व्हॉल्व्हची जागा. तेथे व्हॉल्व्हचा जाड बुंधा चरात बसलेला असतो व तो कडेला वर उचलून धरतो.

दुसरी कड बसवताना सुरुवात व्हॉल्व्हपाशी केली, तर शेवटचा अवघड भाग व्हॉल्व्हच्या बरोबर समोर येतो. अशा वेळी ज्या बाजूने कड सर्वांत खोल उतरायला हवी, नेमक्या त्याच बाजूस ती बुंध्यावर अडते. सुरुवात व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने करून शेवट व्हॉल्व्हपाशी केला, तर उरलेल्या संपूर्ण घेरात कड चरात राहू शकते. सैल टायरच्या बाबतीत दोन्ही क्रम चालतात. म्हणूनच व्हॉल्व्हपासून सुरुवात करण्याची सवय अनेकांना लागलेली असते व घट्ट टायर समोर येईपर्यंत तिचा तोटा लक्षात येत नाही.

## घट्टपणाची कारणे

### आकारातील विसंगती

टायर बसत नसल्यास प्रथम त्याचा व रिमचा आकार जुळतो की नाही हे पाहणे आवश्यक असते. सायकल टायरवर इंचांमध्ये लिहिलेले आकार फसवे असतात, कारण एकाच नावाने ओळखले जाणारे टायर वेगवेगळ्या व्यासाचे असू शकतात. आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टायरच्या बाजूवर दोन संख्या छापलेल्या असतात. उदा. ३७-६२२ यातील ३७ ही टायरची रुंदी आणि ६२२ हा बैठकीचा व्यास, दोन्ही मि.मी.मध्ये असतात. टायर व रिम यांची दुसरी संख्या तंतोतंत सारखी असावी लागते.

प्रचलित आकारांपैकी काही पुढीलप्रमाणे आहेत:

- ६३५ मि.मी.: २८ × १ १/२ (पारंपरिक रोडस्टर सायकल)
- ६३० मि.मी.: २७ × १ १/४
- ६२२ मि.मी.: ७००सी, तसेच २९ इंची माउंटन बाइक
- ५९० मि.मी.: २६ × १ ३/८
- ५८४ मि.मी.: ६५०बी, म्हणजेच २७.५ इंची
- ५५९ मि.मी.: २६ × १.७५, २६ × १.९५ इत्यादी दशांश अपूर्णांकात लिहिलेले २६ इंची आकार
- ४०६ मि.मी.: २० × १.७५

अपूर्णांक व दशांश यांतील लिखाण गणिताच्या दृष्टीने समान असले तरी टायर समान नसतात. २६ × १.७५ या टायरचा व्यास ५५९ मि.मी., तर २६ × १ ३/४ या टायरचा ५७१ मि.मी. आहे.

६२२ मि.मी.चा टायर ६३५ मि.मी.च्या रिमवर चढवण्याचा प्रयत्न केला, तर परिघात सुमारे ४१ मि.मी. कमी पडतात. कोणत्याही युक्तीने तो बसत नाही. याच्या उलट चूक अधिक धोकादायक असते. ६३५ मि.मी.चा टायर ६२२ मि.मी.च्या रिमवर सहज चढतो, पण हवा भरताच किंवा चालत्या सायकलीवर तो निसटतो.

### इतर कारणे

आकार जुळत असूनही टायर घट्ट असण्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

- जाड रिमपट्टी. पट्टी चरात बसते, त्यामुळे चराची खोली कमी होते. पट्टीची जाडी अर्ध्या मि.मी.ने वाढली तरी संपूर्ण परिघात सुमारे ३ मि.मी. ढील कमी होते. जुन्या पट्टीवरच नवी पट्टी गुंडाळल्याने टायर अचानक घट्ट झाल्याची उदाहरणे सर्रास आढळतात.
- उथळ चराची रिम.
- ट्यूबमध्ये जास्त हवा असणे किंवा ट्यूब टायरच्या मानाने जास्त रुंद असणे. फुगलेली ट्यूब चर व्यापते व कडेला आत उतरू देत नाही.
- पंक्चररोधक जाड थर असलेले कडक टायर. यांची कड लहान नसते, पण ताठ आवरणामुळे ती चरात टिकत नाही व वारंवार वर येते.
- नवा फोल्डिंग टायर. घडीमुळे त्याच्या कडा वाकड्या झालेल्या असतात. घडी उलगडून काही तास ठेवल्यास तो हाताळणे सोपे जाते.
- उत्पादनातील फरक. टायर व रिम दोन्हींच्या मापांना काही मर्यादेत सूट असते. किंचित मोठी रिम आणि किंचित लहान टायर एकत्र आल्यास जोडी घट्ट होते.

## बसवण्याची पद्धत

### पूर्वतयारी

टायर आतून हाताने चाचपून पाहावा व काटा, काच किंवा तारेचा तुकडा राहिला असल्यास काढावा. महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या बाभळीचे काटे हे पंक्चरचे एक नेहमीचे कारण आहे. काट्याचे टोक बाहेरून दिसत नाही, पण आतून हाताला लागते. काच असण्याची शक्यता असल्यास बोटांऐवजी कापडाचा बोळा फिरवावा, कारण तो टोकाला अडकतो. रिमपट्टी सर्व भोकांवर नीट बसली आहे याची खात्री करावी. टायरवर दिशादर्शक बाण असल्यास तो चाक फिरण्याच्या दिशेने ठेवावा. टायरवरील नाव व्हॉल्व्हपाशी येईल असे ठेवल्यास पुढे पंक्चरची जागा शोधताना ट्यूब व टायर यांचा मेळ घालता येतो.

### पहिली कड व ट्यूब

टायरची एक कड संपूर्णपणे रिमवर चढवावी. आत ट्यूब नसल्यामुळे ही कड सहसा सहज जाते. त्यानंतर ट्यूबमध्ये तिला गोल आकार येण्यापुरतीच हवा भरावी. व्हॉल्व्ह भोकातून घालावा व ट्यूब पीळ न पडता सर्व बाजूंनी टायरच्या आत सरकवावी. व्हॉल्व्हला नट असल्यास तो या वेळी आवळू नये.

### दुसरी कड

व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने दुसरी कड काठाच्या आत ढकलावी. तेथून दोन्ही हात विरुद्ध दिशांनी, समान गतीने, व्हॉल्व्हकडे आणत कड आत घालत जावे. प्रत्येक टप्प्यावर कड काठाला लागून न राहता मधल्या चरात उतरेल, याकडे लक्ष द्यावे. घट्टपणा जाणवू लागताच ट्यूबमधील हवा पूर्ण सोडावी.

### अडलेला शेवटचा भाग

व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना मिळून वीतभर भाग उरला, की घट्ट टायर अडतो. या टप्प्यावर जोर वाढवण्याऐवजी थांबून ढील गोळा करावी. तिचा क्रम असा:

1. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूस टायर दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून त्याच्या दोन्ही कडा चराच्या मध्यावर आणाव्यात.
2. दोन्ही हातांनी असेच दाबत, टायर किंचित ओढत, व्हॉल्व्हकडे यावे. त्यामुळे मोकळी झालेली लांबी शेवटच्या भागाकडे सरकते.
3. ही फेरी दोन-तीन वेळा करावी. पहिल्या फेरीत उतरलेली कड पुष्कळदा पुन्हा वर चढलेली असते.
4. आत गेलेली कड दुसऱ्या टोकाने बाहेर सरकत असल्यास ते टोक गुडघ्याने दाबून धरावे किंवा टायर व रिम यांच्याभोवती पट्टा बांधावा.
5. उरलेल्या भागाच्या मध्यावर जोर न देता, त्याच्या एका टोकाने व मग दुसऱ्या टोकाने, थोडी थोडी कड आत घालावी.
6. शेवटी तळहाताच्या बुंध्याने टायर काठावरून गुंडाळल्यासारखा आत लोटावा. अंगठ्यापेक्षा तळहाताला अधिक बळ मिळते व बोटे दुखत नाहीत.

या क्रमाने केल्यास ज्यांच्या हातांत फारसे बळ नाही अशा व्यक्तींनाही बहुसंख्य टायर साधनांविना बसवता येतात.

### तपासणी व हवा भरणे

कड आत गेल्यावर व्हॉल्व्ह आतल्या बाजूस ढकलून पुन्हा बाहेर ओढावा. त्यामुळे बुंध्यापाशी कडेखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते. नंतर टायर एका बाजूस दाबून संपूर्ण घेरात कड व रिम यांच्यामध्ये ट्यूब दिसत नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. अडकलेली ट्यूब हवा भरल्यावर मोठ्या आवाजासह फुटते.

सुरुवातीला थोडीच हवा भरून चाक फिरवावे. टायरच्या बाजूवर काठाजवळ एक बारीक रेषा असते. ती सर्वत्र काठापासून समान अंतरावर दिसली म्हणजे टायर नीट बसला असे समजतात. एखाद्या जागी ती काठाखाली गेली असेल तर तेथे कड अद्याप चरातच आहे. ती फार वर आली असेल तर कड काठावर चढू लागली आहे. दोन्ही स्थितींत हवा सोडून तो भाग हाताने सारखा करावा. त्यानंतरच टायरवर छापलेल्या मर्यादेत पूर्ण हवा भरावी.

## साधने व वंगण

टायर लिव्हर ही टायर काढण्यासाठी व घालण्यासाठी वापरली जाणारी पट्टी आहे. टायर बसवताना तिचा वापर शेवटचा पर्याय मानला जातो, कारण लिव्हरचे टोक व रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन नवे पंक्चर होऊ शकते. लिव्हर वापरावीच लागल्यास ती प्लास्टिकची असावी, तिचे टोक कडेखाली जेमतेम जाईल इतकेच घालावे आणि एका वेळी दोन-तीन सें.मी. कडच उचलावी. पेचकस किंवा पान्याचा दांडा वापरल्यास ट्यूब फाटते, टायरची कड दुखावते व अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या रिमचा काठ खराब होतो.

टायर जॅक या साधनाचे एक टोक रिमच्या अलीकडील काठावर टेकते व दुसरे टोक पलीकडील कड पकडून तिला वरून आत ओढते. ते कड बाहेरून उचलत असल्यामुळे ट्यूब चिमटण्याचा धोका कमी राहतो.

साबणाचे पाणी कडेला लावल्यास घर्षण कमी होते व ते नंतर वाळून जाते. टाल्कम पावडर ट्यूबला लावल्याने ती टायरला चिकटत नाही व सहज जागेवर सरकते. खनिज तेल किंवा ग्रीस मात्र वापरू नये. त्याने रबर खराब होते.

टायर काही वेळ उन्हात ठेवण्याचा उपायही प्रचलित आहे. त्याने रबर व आवरण मऊ होते आणि कड चरात उतरवणे सोपे जाते. परंतु कडेची लांबी त्यामुळे वाढत नाही म्हटले तरी चालेल. ६२२ मि.मी. व्यासाच्या पोलादी तारेचे तापमान २० अंश सेल्सिअसने वाढल्यास तिची लांबी अर्ध्या मि.मी.पेक्षाही कमी वाढते.

## ट्यूबविरहित टायर

ट्यूबविरहित टायरमध्ये हवा रोखण्याचे काम टायरची कड व रिमची बैठक यांनाच करावे लागते. त्यामुळे त्यांची मापे अधिक काटेकोर असतात व असे टायर अनेकदा अधिक घट्ट बसतात. इ.स. १९९९ मध्ये माउंटन बाइकसाठी यूएसटी ही प्रणाली बाजारात आली व त्यानंतर हा प्रकार हळूहळू इतर सायकलींतही पसरला.

अशा अनेक रिममध्ये बैठक व चर यांच्यामध्ये लहान उंचवटा असतो. हवा भरताना कड हा उंचवटा ओलांडून बैठकीवर चढते, तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. कड एकदा तेथे बसली की हवा कमी झाल्यावरही ती सहज खाली येत नाही. म्हणून टायर काढताना अथवा पुन्हा बसवताना दोन्ही कडा उंचवट्यावरून ढकलून मुद्दाम चरात उतरवाव्या लागतात. चरात चिकटवलेल्या पट्टीचे थरही शक्य तितके कमी ठेवले जातात.

काही नव्या रिमच्या काठाला आकडा नसतो. रस्त्यावरील सायकलींच्या अशा रिमसाठी युरोपियन टायर अँड रिम टेक्निकल ऑर्गनायझेशन, म्हणजेच ईटीआरटीओ, या संस्थेने ५ बार (सुमारे ७२ पीएसआय) ही दाबाची कमाल मर्यादा ठरवली आहे. यांवर केवळ त्यासाठी मान्य असलेलेच टायर वापरावे लागतात. येथे टायर टिकून राहणे पूर्णपणे कडेच्या घट्टपणावर अवलंबून असल्यामुळे सहज चढणारा सैल टायर धोकादायक ठरतो.

## टायर काढणे

टायर काढतानाही हेच तत्त्व उलट क्रमाने लागू पडते. हवा पूर्ण सोडून दोन्ही कडा बैठकीवरून सुट्या कराव्यात व सर्व घेरात चरात उतरवाव्यात. लिव्हर व्हॉल्व्हच्या जवळ, पण व्हॉल्व्हला लागणार नाही अशी, घालावी. त्यामुळे विरुद्ध बाजूची कड चरात खोल राहते व लिव्हरवर कमी जोर लागतो. कडा चरात न उतरवता लिव्हरवर जोर दिल्यास लिव्हर मोडते किंवा कडेतील तार वाकते. तार तुटलेला किंवा मुडपलेला टायर पुन्हा वापरू नये.

## भारतातील संदर्भ

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या काळ्या रोडस्टर सायकलींना २८ × १ १/२ या आकाराचे, म्हणजे ६३५ मि.मी. बैठकीचे टायर असतात. या सायकली ‘बावीस इंची’ किंवा ‘चोवीस इंची’ म्हणून ओळखल्या जातात. ते माप सांगाड्याचे असते, चाकाचे नव्हे. अलीकडच्या गिअरच्या व हायब्रिड सायकलींना ५५९, ५८४ किंवा ६२२ मि.मी.चे टायर असतात. ६२२ मि.मी.च्या काही टायरांवरही ‘२८’ हा आकडा छापलेला असतो. त्यामुळे दुकानात केवळ ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितल्यास चुकीचा टायर मिळू शकतो. जुन्या टायरवरील मि.मी.मधील संख्या पाहून टायर घेणे हा यावरील खात्रीचा उपाय आहे.

रोडस्टर सायकलींच्या ट्यूबना बहुधा वुड्स प्रकारचा व्हॉल्व्ह असतो. त्याला डनलॉप व्हॉल्व्ह असेही म्हणतात. त्याच्या आतील लहान रबरी नळी, म्हणजे ‘वॉलट्यूब’, हवा परत जाऊ देत नाही. घट्ट टायर बसवताना या प्रकारात व्हॉल्व्हचा वरचा नट सैल करून हवा पूर्ण सोडता येते.

महाराष्ट्रातील शहरांत व गावांत रस्त्याकडेची पंक्चरची दुकाने ही या कौशल्याची परंपरागत ठिकाणे आहेत. पाण्याचे घमेले, कानस, सोल्युशन, ठिगळ व पंप एवढ्या साहित्यावर तेथे काम चालते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात अशी दुकाने व तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने जागोजागी होती.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे या सायकल प्रकारात हे कौशल्य सायकलस्वाराला स्वतःलाच आवश्यक असते. ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था भारतात अशा राइड आयोजित करते. २०० कि.मी.च्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तासांची मुदत असते व नियंत्रण थांब्यांव्यतिरिक्त वाटेत मदतीची गाडी सोबत ठेवता येत नाही. रात्री, थकलेल्या हातांनी आणि एकच ट्यूब शिल्लक असताना लिव्हरने ट्यूब चिमटली गेली, तर पुढचा प्रवास तेथेच थांबू शकतो. म्हणून आपल्या सायकलचा टायर घरी एकदा तरी काढून घालून पाहावा, असा सल्ला अशा सायकलस्वारांना दिला जातो.

## सुरक्षितता

- टायरवर किंवा रिमवर छापलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल तो ओलांडू नये.
- टायर बसत नाही म्हणून कड कापणे, घासणे किंवा तारेचे पदर तोडणे धोकादायक आहे. अशी कड दाबाखाली तुटू शकते.
- टायरची रेषा वाकडीतिकडी दिसत असताना अधिक हवा भरू नये.
- नवा टायर बसवल्यावर प्रथम मंद गतीने थोडे अंतर चालवून चाक व ब्रेक पुन्हा तपासावेत.
- साबणाचे पाणी ब्रेकच्या घर्षणपृष्ठावर राहिले असल्यास ते पुसून घ्यावे.

## हे सुद्धा पहा

- सायकल
- हवेचा टायर
- पंक्चर
- जॉन बॉइड डनलॉप
- पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस